सिनेमा पाहा, पण कसोटी लावून!

सिनेमाविषयी आपल्या समाजात दोन मते नेहमी ऐकू येतात. एक मत असे, की सिनेमा म्हणजे निव्वळ करमणूक. दिवसभर राबून आलेल्या माणसाने तीन तास सगळे विसरावे, हसावे, शिट्ट्या माराव्यात आणि घरी जाऊन झोपावे. दुसरे मत चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्यांचे. ते म्हणतात, सिनेमाने पोरे बिघडतात, त्यापेक्षा पुस्तक वाचा. ही दोन मते एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, परंतु आतून ती एकच आहेत. सिनेमाचा विचाराशी काही संबंध नाही, हे दोघांनीही मनोमन धरून ठेवले आहे. आणि नेमकी इथेच फसगत होते! कारण ज्याला आपण करमणूक समजतो तो सिनेमा आपल्या नकळत एक धडा रोज शिकवत असतो. या जगात नायक कोण असतो आणि कुणी फक्त हात जोडून त्याच्या मागे उभे राहायचे असते, हा तो धडा.

हिंदी सिनेमाचेच उदाहरण घ्या. १९३६ साली बॉम्बे टॉकीजने 'अछूत कन्या' काढला. त्या काळात असा विषय हाती घेणे हे धाडसच होते, हे मान्य केले पाहिजे. पण त्यातली अस्पृश्य मुलगी कस्तुरी शेवटी करते काय? रेल्वेच्या फाटकावर इतरांचा जीव वाचवण्यासाठी धावत्या गाडीपुढे जाते आणि मरते. १९५९ साली बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. ज्या बाईने तिला घरात वाढवले पण कधी पोटची मुलगी म्हटले नाही, त्या बाईला सुजाता आपले रक्त देते, तेव्हा कुठे त्या बाईचे डोळे उघडतात. म्हणजे अस्पृश्य मुलीने आधी मरून दाखवायचे, नाही तर रक्त देऊन दाखवायचे. त्यानंतर समाज तिला माणूस म्हणणार! २०१९ च्या 'आर्टिकल १५' मध्ये काळ बदलला, अंगावर पोलिसांचा गणवेश आला, पण न्याय मिळवून देणारा नायक ब्राह्मण अधिकारीच राहिला. हे चित्रपट काढणाऱ्यांचा हेतू वाईट होता, असे आमचे म्हणणे नाही. हेतू चांगला असूनही कॅमेरा चुकीच्या जागी उभा राहू शकतो, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

हा रोग फक्त आपल्याकडचा आहे असेही नाही. १९८८ साली अमेरिकेत ॲलन पार्कर यांचा 'मिसिसिपी बर्निंग' आला आणि जगभर गाजला. १९६४ साली मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी झटणाऱ्या जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन तरुणांचा खून झाला. त्या खऱ्या घटनेवर हा चित्रपट बेतलेला आहे. पण पडद्यावर नायक कोण? एफबीआयचे दोन गोरे अधिकारी! ज्या कृष्णवर्णीय जनतेने मार खाल्ला, तुरुंगवास भोगला, घरे जाळून घेतली आणि तरीही मताचा हक्क सोडला नाही, ती जनता या चित्रपटात केवळ रडताना, पळताना आणि गप्प बसताना दिसते. प्रत्यक्षात याच एफबीआयने डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे टेलिफोन चोरून ऐकले होते. इतिहास असा उलटा होतो आणि तिकीट काढून तो आपणच बघतो!

म्हणून वाचकहो, सिनेमा पाहताना एक साधी कसोटी लावा. पडद्यावरचा पिचलेला माणूस स्वतः विचार करतो का? स्वतःचा निर्णय स्वतः घेतो का? की कुणाच्या तरी दयेची वाट बघत ताटकळत उभा असतो? तो जिंकतो की हरतो, हा प्रश्न इथे गौण आहे. हरलेला माणूसही ताठ मानेचा असू शकतो आणि जिंकून दिलेला माणूसही लाचार असू शकतो. या कसोटीला उतरणारे चित्रपट जगात कमी नाहीत. मात्र त्यांची जाहिरात होत नाही, दूरदर्शनच्या वाहिन्यांवर ते लागत नाहीत आणि मोठ्या चित्रपटगृहांत तर ते येतच नाहीत. अशा सहा परदेशी चित्रपटांची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

पहिला चित्रपट अमेरिकेतलाच. नाव 'नथिंग बट अ मॅन', म्हणजे माणूस, दुसरे काही नाही! मायकेल रोमर यांनी तो १९६४ साली काढला. ज्या वर्षी मिसिसिपीत ते तीन खून झाले, त्याच वर्षीचा हा चित्रपट. अलाबामा राज्यात रेल्वेच्या रुळांवर काम करणाऱ्या टोळीतला डफ हा कृष्णवर्णीय तरुण चर्चच्या पाद्र्याची शिक्षिका मुलगी जोसी हिच्याशी लग्न करतो. सासरा गावातल्या गोऱ्या पुढाऱ्यांशी जमवून घेणारा. थोडे नमते घ्यावे, दिवस काढावेत, हे त्याचे तत्त्वज्ञान. डफला ते मानवत नाही. लाकडाच्या गिरणीत तो सोबतच्या कामगारांना एकत्र उभे राहण्याविषयी बोलतो, ही बातमी मालकापर्यंत पोहोचते आणि त्याची नोकरी जाते. मग गावात दुसरे काम मिळवणे आणि ते टिकवणे त्याला कठीण होते. या चित्रपटात खून नाही, जाळपोळ नाही, न्यायालयातली लांबलचक भाषणे नाहीत. रोज थोडा थोडा अपमान गिळावा लागणाऱ्या माणसाच्या घरात काय होते, तो राग बायकोवर कसा निघतो, बापाच्या दारूत मुलाला स्वतःचे उद्याचे रूप कसे दिसते, हे सारे त्यात आहे. डफ घर सोडून जातो, आणि शेवटी स्वतःच्या पायांनी परत येतो. कुणी त्याला परत आणत नाही. तो ठरवतो आणि येतो.

बर्लिनमध्ये जन्मलेला रोमर हा ज्यू होता. लहानपणीच त्याला नाझी जर्मनीतून जीव वाचवून बाहेर पडावे लागले होते. हा चित्रपट लिहिण्यापूर्वी तो दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीयांमध्ये फिरला. म्हणजे दिग्दर्शक कुठल्या जातीत किंवा वर्णात जन्मला एवढ्यावर आमची कसोटी थांबत नाही. त्याने कॅमेरा कुठे उभा केला आणि कुणाचे ऐकून घेतले, हे ती विचारते. आणि हा लढा आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरूनच घेतले. ज्या समाजाच्या लढ्याचे नाव आपण अभिमानाने घेतले, त्या समाजाचे घर आतून कसे होते हे आपण पाहायला नको काय?

दुसरा चित्रपट 'सॉल्ट ऑफ द अर्थ', १९५४ सालचा. हाही अमेरिकेतलाच, पण अमेरिकेने तो आपल्याच लोकांना दिसू नये म्हणून जंग जंग पछाडले. न्यू मेक्सिको राज्यात एम्पायर झिंक कंपनीच्या खाणीत मेक्सिकन वंशाचे कामगार काम करीत. त्यांना गोऱ्यांपेक्षा कमी मजुरी, गोऱ्यांपेक्षा धोक्याचे काम आणि राहायला वेगळ्या चाळी. गोऱ्या कामगारांच्या घरात गरम पाण्याचा नळ, यांच्या बायकांनी मात्र लाकडे फोडून पाणी तापवायचे! १९५० च्या ऑक्टोबरमध्ये संप सुरू झाला आणि तो १९५२ च्या जानेवारीपर्यंत चालला. मध्येच न्यायालयाने मनाई हुकूम काढला, की संपावरच्या कामगारांनी खाणीच्या दारात पहारा करायचा नाही. तेव्हा बायका पुढे आल्या. हुकूम कामगारांना आहे, आम्ही कुठे कामगार आहोत? असे म्हणून त्यांनी पहारा आपल्या हाती घेतला. लेकराबाळांसह तुरुंगात गेल्या, पण रांग मोडू दिली नाही.

चित्रपटाची कथा एस्पेरांझा ही कामगाराची बायको स्वतःच्या तोंडाने सांगते. आणि इथे हा चित्रपट नेहमीच्या कामगार चित्रपटांच्या पुढे जातो. नवरा रॅमन हा लढाऊ कार्यकर्ता, पण घरात मात्र मालक! बायकांनी मागितलेले पाणी आणि संडास या मागण्या पुरुषांना किरकोळ वाटतात. आधी सुरक्षा, आधी मजुरी, तुमचे नंतर बघू, असे ते म्हणतात. मग बायका पहाऱ्यावर जातात, पुरुषांवर चूल आणि धुणे येऊन पडते, आणि लाकूड फोडून पाणी तापवणे म्हणजे काय असते, ते त्यांना दोन दिवसांत कळते. सभेत समतेवर भाषण करून घरी आल्यावर पाण्याचा तांब्याही हातात मागणारे कार्यकर्ते आपल्याकडे कमी आहेत काय? त्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा, आणि बायकोला शेजारी बसवून पाहावा!

या चित्रपटाची जन्मकथाही चित्रपटाइतकीच बोलकी आहे. दिग्दर्शक हर्बर्ट बायबरमन याने अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे उत्तरे देण्यास नकार दिला म्हणून तुरुंगवास भोगला होता. लेखक मायकेल विल्सन आणि निर्माता पॉल जॅरिको हेही काळ्या यादीत. कामगारांच्या भूमिका बऱ्याचशा खऱ्या संपकऱ्यांनीच केल्या. नायकाची भूमिका करणारा हुआन चाकोन हा त्या युनियनच्या शाखेचा खराखुरा अध्यक्ष होता. चित्रीकरण चालू असतानाच मेक्सिकोहून आलेली नायिका रोसाउरा रेव्युएल्टास हिला अटक झाली आणि तिला देश सोडावा लागला. फिल्म धुऊन द्यायला प्रयोगशाळा तयार होईनात. शेवटी चित्रपट पूर्ण झाला, तर तो दाखवायला चित्रपटगृहे मिळेनात. साऱ्या अमेरिकेत जेमतेम डझनभर ठिकाणी तो लागला. पुढे १९९२ साली त्याच अमेरिकेने हा चित्रपट जतन करण्याजोगा राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवून घेतला! आज तो इंटरनेटवर कुणालाही पाहता येतो. ज्यांनी दडपले ते विस्मरणात गेले. चित्रपट उरला.

आता आफ्रिकेकडे वळू. सेनेगल हा पश्चिम आफ्रिकेतला देश १९६० पर्यंत फ्रान्सच्या ताब्यात होता. तिथला उस्मान सेम्बेन हा मूळचा कष्टकरी. फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात तो गोदी कामगार होता, तिथल्या युनियनच्या ग्रंथालयात वाचून वाचून लेखक झाला. रेल्वे कामगारांच्या संपावर त्याने कादंबरी लिहिली. पण लवकरच त्याच्या ध्यानात आले, की आपण फ्रेंचमध्ये लिहितो आणि ज्यांच्याविषयी लिहितो त्यांतल्या बहुतेकांना वाचताच येत नाही! तेव्हा चाळिशीच्या घरात असताना तो मॉस्कोला जाऊन सिनेमा शिकून आला. सिनेमा ही लोकांची रात्रशाळा आहे, अशी त्याची धारणा होती. वाचकहो, ही कल्पना आपल्याला नवी वाटायला नको. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी ढोलकीवर पोहोचवला होता. सेम्बेनने जे कॅमेऱ्याने केले, तेच आपल्या जलशाने केले.

त्याचा 'ब्लॅक गर्ल' हा १९६६ चा चित्रपट अवघा तासाभराचा आहे. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतल्या माणसाने काढलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून तो ओळखला जातो. दिउआना ही डाकार शहरातली गरीब मुलगी. कामाच्या शोधात ती इतर बायकांबरोबर रस्त्याच्या कडेला बसते. एक फ्रेंच बाई येते आणि तिला निवडते. का? तर इतर सगळ्या जणी पुढे पुढे करत होत्या आणि ही गप्प बसून होती! मुले सांभाळण्याचे काम मिळते. दिउआना आनंदाने मालकिणीला एक लाकडी मुखवटा भेट देते. पुढे ते कुटुंब तिला फ्रान्सला नेते. तिथे मुले सुरुवातीला नसतातच. असतो तो फक्त स्वयंपाक, धुणे, झाडलोट आणि चार भिंती. पाहुणे येतात, तिच्याकडे वस्तूसारखे बघतात. ती तोंडाने फारसे बोलत नाही, पण तिच्या मनातले सारे आपल्याला ऐकू येत राहते. हीच सेम्बेनची करामत! मालकाला वाटते ही मुकी आहे, आणि आपल्याला कळते की सगळ्या घरात विचार करणारी ती एकटीच आहे.

तिच्या आईचे पत्र येते. दिउआनाला वाचता येत नाही, म्हणून मालक ते वाचून दाखवतो आणि तिला न विचारताच तिच्या नावाने उत्तरही लिहू लागतो! ती पत्र फाडून टाकते. भिंतीवरचा आपला मुखवटा काढून घेते. पगार नाकारते. आणि शेवटी त्या घरात आपले आयुष्य संपवते. इथे आम्ही स्पष्ट सांगतो, आत्महत्या हा मार्ग नव्हे, आणि चित्रपटही तिचे उदात्तीकरण करीत नाही. चित्रपट तिथे संपत नाही, हे ध्यानात घ्यावे. मालक तिची पेटी आणि थकलेला पगार घेऊन डाकारला तिच्या आईकडे जातो. आई त्या पैशाला हात लावत नाही. ती गरीब आहे, पैशाची तिला नड आहे, तरीही ती पाठ फिरवते. एक लहान मुलगा तो मुखवटा तोंडावर चढवून मालकाच्या मागोमाग चालू लागतो आणि तो साहेब भिऊन पळू लागतो. मुलीच्या मरणाची किंमत ठरवू द्यायची नाही, हा त्या निरक्षर आईचा निर्णय आहे. अत्याचार झाला की नुकसानभरपाईचा धनादेश घेऊन फोटो काढायला येणारे पुढारी आपण पाहिले आहेत. हा शेवट त्यांना कायमचा लक्षात राहावा असा आहे.

सेम्बेनचाच दुसरा चित्रपट 'मंडाबी', १९६८ सालचा. मंडाबी म्हणजे मनीऑर्डर. हा त्याने आपल्या लोकांच्या वोलोफ भाषेत काढला. पॅरिसमध्ये रस्ते झाडणारा भाचा आपल्या मामाच्या नावे पंचवीस हजार फ्रँकची मनीऑर्डर पाठवतो. मामा इब्राहिमा खुशीत टपाल कचेरीत जातो. तिथे सांगतात, ओळखपत्र आणा. ओळखपत्रासाठी जन्माचा दाखला पाहिजे. दाखल्यासाठी जन्मतारीख पाहिजे. फोटो पाहिजे. फोटोवाला पैसे खातो. इकडे शेजारीपाजारी, नातेवाईक, दुकानदार सगळे उधारीचा तगादा लावतात, कारण याच्याकडे पैसे आलेत अशी हूल उठलेली! पैसे प्रत्यक्षात हाती येतच नाहीत. शेवटी शिकलासवरलेला एक नातेवाईकच ते लाटतो. जातीच्या दाखल्यासाठी आणि जात पडताळणीसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेल्या माणसाला हा चित्रपट समजावून सांगावा लागणार नाही. तो पोट धरून हसेल आणि घरी जाताना गंभीर होईल. गोरे राज्यकर्ते गेले, पण त्यांची खुर्ची आपल्यातल्याच शिकलेल्यांनी पटकावली आणि अडाण्याला लुटले, हे सेम्बेनने स्वतःच्या समाजाला तोंडावर सांगितले. आपल्याच माणसांना आरसा दाखवण्यालाही धैर्य लागते.

पाचवा चित्रपट जपानचा, आणि तो आपल्या सर्वांत जवळचा आहे. जपानमध्ये बुराकू नावाचा समाज आहे. कातडी कमावणे, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे पिढ्यान्‌पिढ्या या लोकांवर लादलेली होती आणि त्यावरून त्यांना अशुद्ध ठरवलेले होते. रंग तोच, भाषा तीच, देश तोच, तरी शिवाशिव! १८७१ साली सरकारने फर्मान काढून हा भेद कायद्याने संपवला, पण मनातून तो गेला नाही. १९२२ साली क्योटो शहरात या समाजाने 'सुइहेइशा' ही आपली स्वतंत्र संघटना उभी केली. तरीही १९७५ साली असे उघडकीस आले, की बुराकू वस्त्यांच्या नावांच्या याद्या गुपचूप विकल्या जातात आणि कंपन्या त्या विकत घेऊन नोकरीच्या उमेदवारांची जात तपासतात. जात फक्त भारतात असते, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी.

शिमाझाकी तोसोन या लेखकाने १९०६ साली या समाजावर 'हाकाई' ही कादंबरी लिहिली. ती पडद्यावर अनेकदा आली. १९४८ साली किनोशिता यांनी, १९६२ साली कॉन इचिकावा यांनी आणि अलीकडे २०२२ साली पुन्हा एकदा तिच्यावर चित्रपट निघाला. यांतला इचिकावा यांचा चित्रपट जरूर मिळवून पाहावा. उशिमात्सु हा शाळेतला तरुण शिक्षक. बापाने त्याच्याकडून शपथ घेतली आहे, की काहीही झाले तरी आपली जात कुणाला सांगायची नाही. तो ती पाळतो. पण इनोको रेन्तारो हा त्याच्याच समाजाचा लेखक आपली जात उघडपणे सांगून लढत असतो. उशिमात्सु त्याची पुस्तके जिवाच्या आकांताने वाचतो, आणि त्याच्यासमोर गेल्यावरही मीही तुमचाच आहे एवढे तीन शब्द त्याच्या तोंडातून फुटत नाहीत. रेन्तारोचा खून होतो. मग उशिमात्सु एक दिवस भर वर्गात, आपल्या विद्यार्थ्यांसमोर, बापाची शपथ मोडतो.

बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ सालचा. इचिकावांच्या या चित्रपटानंतर अवघ्या एका वर्षाने आलेला. हजारो मैलांच्या अंतरावर, एकमेकांना न ओळखता, दोन समाज एकच दुखणे बोलत होते. मूळ कादंबरीत उशिमात्सु मुलांपुढे गुडघे टेकून, आजवर लपवले म्हणून क्षमा मागतो. या प्रसंगावर जपानमध्ये मोठा वाद झाला. क्षमा मागायची कुणी? ज्याला लपवणे भाग पाडले त्याने, की ज्यांनी भाग पाडले त्यांनी? हा प्रश्न आजही आपल्या दारात उभा आहे. भाड्याचे घर शोधताना आडनाव बदलून सांगणारा, कचेरीत बाबासाहेबांचा फोटो लावायला कचरणारा, वस्तीतल्या नातेवाइकाला आपल्या सोसायटीत बोलवायला लाजणारा माणूस आपल्यातही आहे. त्याला शिव्या घालणे सोपे आहे. 'हाकाई' त्याला शिव्या घालत नाही. त्याची भीती समजून घेतो आणि तिच्या पलीकडे जायची वाट दाखवतो. म्हणूनच हा चित्रपट आमच्या मते या सहांत सर्वांत मोलाचा आहे.

सहावा चित्रपट मुद्दाम तरुणांसाठी. 'किलर ऑफ शीप' हा चार्ल्स बर्नेट या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने सत्तरच्या दशकात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकत असताना काढला. खर्च दहा हजार डॉलरच्याही आत, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबाने चहापाण्याचा. बहुतेक नट साधीसुधी माणसे, चित्रीकरण सुटीच्या दिवशी, जागा त्यांचीच वॉट्स वस्ती. कत्तलखान्यात मेंढ्या कापणारा स्टॅन, त्याची बायको, त्याची पोरे, गच्चीवरून गच्चीवर उड्या मारणारी वस्तीतली मुले. फार मोठे कथानक नाही. दोघे ओळखीचे लोक स्टॅनला एका खुनात सामील करून घ्यायला दारात येतात, तेव्हा त्याची बायको त्यांना जे खडसावते ते बघण्यासारखे आहे. आणि मी गरीब नाही, असे स्टॅन ठासून सांगतो. त्याला दया नको आहे. चित्रपटातल्या गाण्यांच्या हक्कांचे पैसे भरता न आल्यामुळे हा चित्रपट तीस वर्षे रीतसर प्रदर्शित होऊ शकला नाही. २००७ साली तो चित्रपटगृहात लागला. मात्र त्याआधीच, १९९० साली, तो राष्ट्रीय ठेवा ठरला होता.

यातून आपल्या पोरांनी काय घ्यावे? स्वतःची गोष्ट सांगायला दुसऱ्याची परवानगी लागत नाही, हे! आपल्याकडे नागराज मंजुळे यांनी २०१३ साली 'फँड्री' काढला. त्याच्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्याबाहेर, आपल्याच दिशेने येतो. तो दगड 'सुजाता'ने कधी मारला नसता, कारण तिच्या हातात तो कुणी दिलाच नव्हता. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. त्याने फक्त वाढदिवसाचे केक आणि मिरवणुकीतला नाच टिपायचा, की आपल्या वस्तीचे जगणे टिपायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता व्यवहाराचा प्रश्न. हे चित्रपट परभाषेत आहेत, बरेचसे कृष्णधवल आहेत, खाली इंग्रजी अक्षरे धावतात. आमच्या आयाबहिणींना ते कसे कळणार? त्याला उपाय आहे. मूकपटांच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी 'बेन्शी' नावाचा निवेदक उभा राहून सारी गोष्ट लोकांना रंगवून सांगत असे. आपल्या वस्तीतली महाविद्यालयात शिकणारी मुलगी हेच काम मराठीत करू शकते. आधी एकदा चित्रपट पाहायचा, महत्त्वाची वाक्ये वहीत मराठीत उतरवून घ्यायची आणि पडद्याशेजारी बसून मोठ्याने वाचायची. यात त्या मुलीचे इंग्रजीही सुधारेल आणि बोलण्याची भीडही चेपेल. विहारात, वाचनालयात, वसतिगृहात, समाजमंदिरात महिन्यातून एक रविवार एवढे जमले तरी वर्षाला बारा चित्रपट होतात. भाड्याचा प्रोजेक्टर आणि पांढरी चादर यांना लागणारा पैसा जयंतीच्या डीजेच्या एका रात्रीच्या खर्चापुढे काहीच नाही. डीजेचा आवाज सकाळी विरून जातो. चित्रपटावर झालेली चर्चा मात्र डोक्यात राहते.

आणि चर्चा झालीच पाहिजे! चित्रपट संपला की दिवे लावून घरी जायचे नाही. अर्धा तास बसायचे आणि तीन प्रश्न विचारायचे. या चित्रपटात बोलले कोण आणि गप्प कोण बसले? निर्णय कुणी घेतला? आणि शेवटी आपल्याला त्या माणसाची दया आली, की त्याच्याविषयी आदर वाटला? पहिल्या दिवशी पुरुषच बोलतील. दुसऱ्या वेळी एखादी आजी बोलेल. तिसऱ्या वेळी ती जे बोलेल ते ऐकून पदवीधर गप्प होतील, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

दया आणि आदर यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दया करणारा वर असतो आणि घेणारा खाली. आदराला दोन्ही माणसे समान उंचीवर असावी लागतात. ज्या चित्रपटाने आपल्याला आपली दया यायला शिकवली, तो कितीही रडवणारा असो, कितीही बक्षिसे मिळवलेला असो, त्याने आपले भले केले नाही. डफ, एस्पेरांझा, दिउआनाची आई, उशिमात्सु आणि स्टॅन यांना आपली दया नको आहे. इब्राहिमालाही ती नको आहे, त्याला फक्त त्याचे पैसे हवे आहेत! या माणसांना आपल्या घरी, आपल्या वस्तीत, आपल्या पडद्यावर बोलवा. येत्या रविवारपासूनच सुरुवात करा.